आषाढात बुडवलेलं जहाज

सूड घ्यायचा म्हणून मी एका इंग्रज कप्तानाचं जहाज, तो मेल्यावर दीडशे वर्षांनी, कोकणातल्या एका खाडीत बुडवलं. आणि ते भर जुलैत बुडवलं. ही माझी चूक. त्या किनाऱ्यावर जुलैत कुणाचं जहाज बुडत नाही, कारण जुलैत तिथे कुणी जहाज बाहेर काढतच नाही. कोकणातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी घाटावरचा. आमच्या गावात पाणी म्हणजे एक ओढा, आणि तोही उन्हाळ्यात रजेवर जाणारा.

अठ्ठावन्न-एकोणसाठचा सुमार असेल. मी कुवेतला, अहमदीत, तेल कंपनीच्या भांडार खात्यात टायपिस्ट होतो. दिवसभर पाइप, पंप आणि बोल्ट यांच्या मागण्या टाईप करायच्या आणि संध्याकाळी बॅचलर क्वार्टरमध्ये येऊन बूट झटकायचे. दारात वाळूचा एवढासा ढीग पडायचा, तेवढीच त्या दिवसाची कमाई. माझी बोटं फार वेगात चालत. डोकं त्यांच्या मागून, जमेल तसं येई.

बायको हर्णैला, माहेरी. लग्न झालं, महिना सरायच्या आत मी बोटीत बसलो, आणि त्यानंतर आमचा संसार पोस्टाच्या तिकिटांवर चालला होता. तिला इकडे आणायचं तर फॅमिली क्वार्टर हवं. कारकुनांसाठी अशी क्वार्टर्स अगदी मोजकी, आणि त्यासाठी खात्याच्या साहेबाची शिफारस लागे. म्हणजे माझा सगळा संसार त्या माणसाच्या फाउंटन पेनात अडकलेला होता.

साहेब उंच, मान लांब, गुडघ्यापर्यंत ओढलेले पांढरे मोजे. युद्धात आपण आरमारात होतो असं तो वरचेवर सांगे; कुठल्या जहाजावर, ते सांगत नसे. पुढे कळलं की बंदरावरच्या गोदामात ब्लँकेटं वाटायला होता. पण त्याच्या खापरपणजोबानं मात्र समुद्र खरोखर पाहिला होता. शिडाच्या जहाजांच्या काळात तो इंग्रजी आरमारात कप्तान होता, आणि त्याची बरीच वर्षं आपल्या कोकण किनाऱ्यावर चाचे शोधण्यात गेली होती. साहेबाच्या दिवाणखान्यात त्याच्या पराक्रमाचं मोठं तैलचित्र लावलेलं होतं: तीन-तीन मजली चाच्यांची जहाजं पेटली आहेत, आभाळ लाल झालं आहे, आणि कप्तान एका हाताने दुर्बीण धरून दुसऱ्या हाताने कुणालातरी काहीतरी दाखवतो आहे.

एक दिवस विलायतेहून साहेबाची पत्र्याची पेटी आली. तिच्यात कप्तानाचे कागद. लाखेचा शिक्का असलेलं नेमणूकपत्र, रोजच्या नोंदींची बाडं, बायकोला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे खर्डे, शिंप्याची बिलं. साहेबाला त्याचं चरित्र छापायचं होतं, आणि त्याआधी क्लबात व्याख्यान द्यायचं होतं. पण कप्तानाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. साहेबाला ते लागेना. मला लागे. गावाकडे वकिलाच्या हाताखाली मोडीच्या कागदांत डोळे घातले होते, त्याचा हा एवढाच उपयोग झाला.

"तू हे टाईप करून दे," साहेब म्हणाला, "मग तुझ्या बायकोचं बघू. कप्तान संपला, की क्वार्टर."

मग काय, ऑफिस सुटल्यावर मी रोज कप्तानाच्या नोकरीत रुजू होऊ लागलो. सांगायला हरकत नाही, मला तो आवडायला लागला होता. बाराव्या वर्षी जहाजावर चढला आणि पहिल्यांदा ओकला. मग दोरखंडात सापडून हाताचं बोट गमावलं. मग एका लहानशा, दोन डोलकाठ्यांच्या जहाजावर कप्तान झाला, आणि मग जन्मभर मोठ्या जहाजासाठी अर्ज करत बसला. 'आपल्या कृपेची वाट पाहत आहे' असं त्यानं इतक्या वेळा लिहिलं होतं की ते वाक्य माझी बोटं आपोआप टाईप करत. अर्जांवरून पाहिलं तर माणूस आमच्यापैकीच होता.

शेवटचं बाड तेवढं उरलं. नेमकं चित्रातल्या लढाईचं. आणि त्याच सुमारास फॅमिली क्वार्टरची नावं लागली. माझं नव्हतं. हिशोब खात्यातल्या एकाचं होतं, जो साहेबाच्या क्रिकेट संघात विकेटकीपर होता. बायको आणण्यासाठी यष्टीमागे उभं राहावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी साहेबाकडे गेलो. तो पाइप भरत होता.

"अरे हो, तुझं नाव राहिलं," तो म्हणाला. "पण खरं सांगू? तू एकटा असतोस म्हणून तर हे काम इतकं सुंदर होतंय. घरी बायको असती तर संध्याकाळी थांबला असतास का?"

आणि हसला. रागावून म्हणाला असता तर मी कदाचित विसरलो असतो. पण तो मायेनं म्हणाला. तेव्हा माझ्या पोटात जे पेटलं त्यापुढे दिवाणखान्यातलं चित्र म्हणजे देवघरातली समई.

शुक्रवारी मी शेवटचं बाड पिशवीत घालून फिंतासला गेलो. तिथे समुद्रकाठी आमच्या चाचांचं दुकान. चाचा रत्नागिरीकडचे मुसलमान. तरुणपणी शिडाच्या गलबतातून इकडे आले आणि आता तांदूळ, मसाले, मच्छरदाण्या, सगळं विकत. देह तांदळाच्या गोणीएवढा, आवाज त्याहून मोठा. त्यांचा एकही पूर्वज साधा खलाशी नव्हता. ज्याचं नाव काढावं तो आरमाराचा सरदार. आता एवढ्या सरदारांच्या जहाजावर शीड कोण ओढत होतं, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला दिलेला चहा परत घेतला होता.

"ये रे घाट्या," चाचा म्हणाले, "तोंड का असं? बायकोचं पत्र नाय आलं?"

मी सगळं सांगितलं. मग बाड काढलं आणि कप्तानानं काय लिहिलं होतं ते मराठीत वाचून दाखवलं. मे महिन्याची अखेर. मोसमभर चाच्यांचं एकही जहाज हाती लागलं नव्हतं. परतताना एका लहान गावाच्या वाळूवर त्याला जहाजं दिसली. 'दुष्टांनी आपली जहाजं पाण्याबाहेर ओढून धूर्तपणे झावळ्यांखाली लपवली होती. वर कुणीही नव्हतं. सर्व जाळली. वाळत घातलेली जाळी आणि मासळी यांनी चटकन पेट घेतला. टेकडीवर काही बायका आणि म्हातारे उभे राहून ओरडत होते. माशांचा वास कपड्यांतून कित्येक दिवस गेला नाही.'

एवढंच. चित्रातली ती तीन मजली जहाजं म्हणजे हे.

चाचा गप्प झाले. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"लपवल्या नव्हत्या रे," ते शेवटी म्हणाले. "पाऊस येणार म्हणून होड्या वर ओढतात. झापांनी शाकारून ठेवतात. घर शाकारतात ना, तशा. आणि ती मासळी म्हणजे पावसाळ्याची बेगमी. चार महिन्यांचं खाणं जाळलंन मेल्यानं." मग एकदम उठून गल्ल्यावर मूठ आपटली. "आमचीच होडी असणार ती! आमच्या खापरपणज्याची! घाट्या, सोडायचा नाय ह्याला."

"कुणाला? कप्तानाला की साहेबाला?"

"दोघांना. एकाच दोरीत."

इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं? बाड जसं होतं तसं टाईप करून साहेबाच्या हातात दिलं असतं. पण मला वाटलं, ह्यात सूड कुठे आहे? क्लबातले गोरे 'चाच्यांची जहाजं जाळली' एवढंच ऐकणार आणि टाळ्या वाजवणार. मला टाळ्या नको होत्या. मला साहेबाचं हसं करायचं होतं, त्याच्याच लोकांसमोर, त्याच्याच तोंडून. आणि चाचांना हवी होती जीत.

मग आम्ही दोघांनी गोणीवर बसून लढाई रचली. कप्तान एका होडीचा पाठलाग करत खाडीत शिरतो. ओहोटी लागते. जहाज गाळात रुततं. गावातल्या कोळिणी कोयते घेऊन चिखलातून चालत येतात.

"पुरुष नाय आणायचे," चाचा म्हणाले. "बायकाच आणायच्या. त्याची लाज वेगळी."

कोळिणी त्याची टोपी घेतात, खोट्या केसांचा टोप घेतात, मग विजार घेतात. त्याला सुकटीच्या पाटीत बसवतात आणि ह्याचा भाव काय करायचा यावर भांडतात. म्हावऱ्याच्या मानानं अंगावर मांस कमी, असा निकाल लागतो. भरतीला जहाज कलंडून बुडतं. कप्तान किनाऱ्यावर पेज पितो, दुसऱ्यांदा मागतो आणि 'आपल्या कृपेची वाट पाहत आहे' असं म्हणून विजार परत मिळवतो. हे सगळं त्याच्याच तोंडी, त्याच्याच भाषेत. इतके महिने त्याला टाईप करून त्याची लकब माझ्या बोटांत भिनली होती. स्वतः कप्तान उठून आला असता तर म्हणाला असता, हे मीच लिहिलं, पण केव्हा ते आठवत नाही.

केव्हा, हाच प्रश्न होता. लढाईला तारीख हवी. मी बाडं चाळली, तर जूनपासून ऑगस्टपर्यंत कप्तानानं एक ओळ लिहिलेली नाही. कोरा कागद! मी आनंदानं मांडी थोपटली. एवढी मोकळी जागा, कशाला धक्का लावायला नको. मेमधलं जळीत सबंध काढून ठेवलं आणि जुलैत खाडी बसवली. ते महिने कोरे का, असा प्रश्न मला पडला नाही. होड्या वर ओढून शाकारतात हे चार दिवसांपूर्वीच कानावर पडलं होतं, पण मी ते दुःख म्हणून ऐकलं, माहिती म्हणून नाही. चाचांना मी मजकूर पुन्हा वाचून दाखवला, ते पोट धरून हसले. तारीख वाचली नाही. तारीख काय वाचायची? लढाई वाचायची.

साहेबानं टाईप केलेलं शेवटचं प्रकरण आधी वाचलं नाही. वाचायची गरज काय, ती गोष्ट त्याला लहानपणी आत्याकडून ऐकून पाठ होती.

क्लबात आम्हाला एरवी प्रवेश नसे. त्या संध्याकाळी मला होता, कारण पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र चालवायला कुणीतरी हवं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभा राहिलो. बायका पंखे हलवत होत्या. विकेटकीपर पहिल्या रांगेच्या कडेला सरबत वाटत होता, ते पाहून मला अर्धं समाधान तिथेच मिळालं.

साहेब कंटाळवाणं बोलला. लोकांनी घड्याळं पाहिली. मग तो म्हणाला, "आणि आता ती सुप्रसिद्ध लढाई, कप्तानाच्याच शब्दांत." मी लगबगीनं त्या तैलचित्राचा फोटो पडद्यावर टाकला. लाल आभाळ, तीन मजली जहाजं. त्याखाली उभा राहून साहेब वाचू लागला.

गाळापर्यंत त्याचा आवाज ठीक होता. कोळिणी आल्या तसा तो अडखळला. पण एवढ्या लोकांसमोर मध्येच थांबणार कसा? पुढच्या ओळीत सगळं सुधारेल अशा आशेनं तो पुढची ओळ वाचत होता, आणि पुढच्या ओळीत टोप जात होता. मागून कुणीतरी फुसकन हसलं. विजार गेली तेव्हा अख्खी खोली हसली. साहेबाची लांब मान खालून वर लाल होत गेली. मला ते मागूनही, यंत्राच्या उजेडात दिसत होतं. सांगतो, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मला झाला नव्हता इतका आनंद झाला. हे बायकोला कधी सांगितलं नाही.

आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारा गोरा उठला. तो बंदरातला पायलट, तेलाची मोठी जहाजं धक्क्याला लावणारा. उमेदीची वर्षं त्यानं मुंबईच्या पाण्यात काढली होती.

"माफ करा," तो म्हणाला, "कुठला महिना म्हणालात?"

साहेबानं कागद पाहिला. "जुलै."

"जुलैत? त्या किनाऱ्यावर? शिडाचं जहाज? अहो, पावसाळ्यात तिथे कुत्रंसुद्धा पाण्यात जात नाही. तुमचा कप्तान त्या वेळी मुंबईच्या गोदीत बसून दारू पीत असणार."

साहेबानं कागदावरून मान वर केली आणि सगळ्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. त्या क्षणी मला बायको दिसली, हर्णैच्या धक्क्यावर, मला उतरवून घ्यायला आलेली. तिच्या हातात माझी ट्रंक, आणि शेजारी बिननोकरीचा मी.

साहेबानं कागद शांतपणे खाली ठेवला.

"शाबास!" तो पायलटला म्हणाला. "म्हटलं पाहावं, इथे कोण जागं आहे. चाळीस माणसांत एकच खलाशी निघाला!"

आणि काय सांगू, क्लब हसून कोसळला. लोक टेबलं बडवू लागले. हा वाळका माणूस इतका विनोदी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं! बायका त्याच्याभोवती जमल्या. पायलटनं त्याला मिठी मारली. विकेटकीपरनं त्याला सरबत दिलं. मी पेटवलेल्या चितेवर माझ्या शत्रूनं हात शेकून घेतले, आणि मी यंत्राची वायर गुंडाळत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला बोलावलं. दार लावून घेतलं.

"त्यानं खरं काय लिहिलं होतं?"

मी पिशवीतून मेचं बाड काढून दिलं. साहेबानं भिंग घेतलं. ओठ हलवत, शाळकरी पोरासारखं एकेक अक्षर लावत तो वाचू लागला. मी उभाच. बराच वेळ गेला.

"झाडाच्या पानांखाली कशाला लपवली होती?" त्यानं विचारलं.

"लपवली नव्हती. पाऊस येणार होता, साहेब. तिकडे होड्या अशाच ठेवतात. मासेमारीच्या होड्या."

आदल्या संध्याकाळी त्याची मान लाल झाली होती. आता ती पांढरी होती. विजार जाण्यानं जे झालं नव्हतं ते ह्या चार ओळींनी झालं होतं, पण पाहायला खोलीत मी एकटा, आणि मला ते तेव्हा उमगलं नाही. मी माझ्या नोकरीची काळजी करत होतो.

त्यानं बाडाला फीत बांधली, ते पेटीत टाकलं आणि पेटीला कुलूप घातलं.

"तुझंच प्रकरण बरं आहे," तो म्हणाला. "पुस्तकात तेच राहू दे. महिना तेवढा बदल. नोव्हेंबर कर." मग खणातून फॅमिली क्वार्टरचा कागद काढला, सही केली आणि माझ्याकडे सरकवला. "ह्या पेटीतल्याबद्दल मात्र कुणाशी बोलायची गरज नाही. कळलं?"

मला एवढंच कळलं की सही झाली. मी नोव्हेंबर टाईप केला. कोळिणींनी कप्तानाची विजार काढली, हे आता त्या घराण्याच्या छापील चरित्रात आहे, आणि विलायतेत कुणाचीतरी नातवंडं ते वाचून हसत असतील. होड्या त्यात नाहीत.

बायको आली. शुऐबा गावाच्या बाजूचं, वाऱ्याच्या तोंडावरचं क्वार्टर होतं. सकाळी उठलं की उशीवर डोक्याचा आकार सोडून बाकी सगळी वाळू. पण आमचं होतं. पहिल्याच शुक्रवारी मी तिला फिंतासला चाचांकडे नेलं. चाचांनी दुकानामागे चटई टाकली, मासे तळले, तिला 'सूनबाई' म्हणून तिच्या गावच्या लोकांची चौकशी केली. त्यांतले अर्धे त्यांच्या मते त्यांचेच पूर्वज निघाले.

आणि मग मी तिला हा किस्सा सांगितला. साभिनय. उभा राहून. मान लाल होताना, विजार जाताना, पायलट उठताना. चाचा मध्येमध्ये आपली वाक्यं घालत होते. शेवटी सहीपाशी आलो तेव्हा मी हात पसरून म्हटलं, "आणि अशी तू इथे आलीस!"

ती हसली नाही. ताटातला काटा बोटांनी बाजूला करत होती.

"टेकडीवर बायका होत्या म्हणालात, त्यांचं काय झालं?"

"कशाचं काय? ते जुनं. ते पेटीत."

"म्हणजे क्लबात कुणी ऐकलंच नाही?"

"नाही. पण साहेबानं वाचलं ना, दुसऱ्या दिवशी."

"दार लावून."

"हो."

"आणि त्यानं पेटीला कुलूप घातलं, आणि तुम्हाला खोल्या दिल्या." तिनं ताट खाली ठेवलं. "एवढ्या गोऱ्यांसमोर, त्या चित्राखाली उभं राहून, तो माणूस स्वतःच्या तोंडानं वाचणार होता की आमच्या माणसांची बेगमी जाळली. ते होऊ द्यायचं सोडून तुम्ही मध्ये जोक घातलात?"

"मी तेव्हाच याला सांगितलं होतं," चाचा घाईघाईनं म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा, चाचा. पाटीत बसवायची अक्कल तुमचीच असणार."

चाचा गप्प बसले. ही दुसरी वेळ. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अगं, पण सूड घेतला की नाही? पेज प्यायला लावली त्याला, दोनदा!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, तव्यावर करपलेल्या माशाकडे पाहतात तसं.

"तुमच्यापेक्षा तो कप्तान बरा," ती म्हणाली. "होड्या जाळल्यान मेल्यानं, पण जाळल्या म्हणून लिहून तरी ठेवलंन."